पाच धावा आणि एक गुण

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन महिने डॉक्टरांनी कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही. पुतण्याने फोनवर दोनदा विचारलं, "काका, ब्लॉग बंद केला का?" बंद नाही केला बाबा, बंद डोळे होते. असो.

आजचा विषय मात्र डोळ्यांचा नाही, डोक्याचा आहे. जिंकणाऱ्या माणसाच्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतावतोय. त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. १ जानेवारी २०१८ रोजी, सोमवारी, तो नव्या वर्षाचा नमस्कार करायला केळापूरला घरी आला होता. आता पन्नाशीच्या आसपासचा, कापूस-तूर करणारा शेतकरी. शाळेत असताना आमच्या कबड्डी संघाचा पहिला चढाईपटू. टीव्हीवर इंदूरचा रणजी अंतिम सामना चालू होता. विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, घरच्यांनी चहाबरोबर तिळाच्या वड्या आणून ठेवल्या आणि हा पठ्ठ्या वडी हातात धरून एकदम म्हणाला, "सर, एक बोलू? तुमी आमाले जिंकून या म्हनून कधी म्हनलंच नाही."

रागाने नाही बोलला. सहज बोलला. पण माझी वडी तशीच राहिली.

त्या वाक्याकडे मी परत येणार आहे. आधी विदर्भाचं सांगतो, कारण ज्यांचं बालपण पुण्या-मुंबईत गेलं त्या आमच्या नातेवाईक मंडळींना विदर्भ जिंकला म्हणजे नेमकं काय झालं हे कळायचं नाही.

आमच्याकडे क्रिकेट नव्हतं असं अजिबात नाही. कर्नल सी. के. नायडूंचा जन्म नागपूरचा, १८९५ चा. १९२६ साली बॉम्बे जिमखान्यावर एम.सी.सी.च्या गोलंदाजांना ११ षटकार मारून १५३ धावा करणारे आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचं नेतृत्व करणारे हेच नायडू. पण ते १९२३ मध्येच होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले आणि पुढे होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. म्हणजे माणूस आमचा आणि करंडक इंदूरचा! आमचा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा संघ रणजीच्या पहिल्या मोसमापासून, म्हणजे १९३४-३५ पासून खेळत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ च्या मोसमापासून 'विदर्भ' या नावाने संघ उतरला.

आणि गंमत बघा, पुढच्याच मोसमापासून मुंबईने रणजी जिंकायला जी सुरुवात केली ती १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वर्षं! एकाच राज्यातले दोन संघ. एकाला हरणं ठाऊक नाही, दुसऱ्याला जिंकणं. १५ वर्षं म्हणजे पहिलीत बसलेलं पोरगं बी.ए. होऊन बाहेर पडतं. तेवढ्या काळात मुंबईच्या ड्रेसिंगरूममध्ये एक अख्खी पिढी अशी तयार झाली की जिला रणजी गमावल्याची आठवणच नव्हती. याला मुंबईवाले 'खडूस' म्हणतात. आमच्याकडे खडूस ही शिवी आहे, तिकडे ती पदवी! विकेट फेकायची नाही, समोरच्याला उसंत द्यायची नाही, सामना हातातून गेला असं वाटलं तरी तसं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. सराव आणि तंत्र तर हवंच, पण त्याच्या खाली हे असं काहीतरी.

१९७१ चा किस्सा जुन्या माणसांना आठवत असेल. मी तेव्हा कॉलेजात होतो. वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसाने वाहून गेला. दिलीप सरदेसाईने २१२ केल्या, आपल्या ३८७ झाल्या आणि त्यांचा डाव २१७ वर आटोपला. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० लागतात, पण सामना चार दिवसांचा झाल्यामुळे १५० पुरत होत्या. कप्तान अजित वाडेकर स्वतः गॅरी सोबर्सकडे गेले आणि सांगितलं, तुम्हीच पुन्हा खेळा. सामना अनिर्णित राहिला. पण वेस्ट इंडीजला फॉलोऑन देणारा भारतीय कप्तान तोवर कुणी पाहिलाच नव्हता. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी आपण जिंकली आणि त्याच एका विजयावर मालिकाही. मला आजही वाटतं की ती मालिका त्या दरवाज्यातल्या दोन वाक्यांत अर्धी जिंकली होती. हे माझं मत, कुणाला पटो न पटो.

विदर्भाकडे असला दरवाजा नव्हता. आमच्या लहानपणी आणि तरुणपणीही पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी यायची. विदर्भ हरला. कधी डावाने, कधी १० गड्यांनी. वाचून वाईटसुद्धा वाटायचं नाही, हे महत्त्वाचं! पावसाळ्यात पाऊस पडावा तसं ते होतं. एखादा सामना अनिर्णित राहिला तर आम्ही म्हणायचो, "वाचले बाप्पा." वैदर्भीय माणूस मुळात अघळपघळ, पाहुणचाराला पुढे, भांडणाला मागे. 'चालते न' हे आमचं राष्ट्रगीत. दुधात पाणी असलं तरी चालते, एस.टी. दोन तास उशिरा आली तरी चालते, डावाने हरलो तरी चालते. त्यात आमचा यवतमाळ जिल्हा तर वर्तमानपत्रात येतो तो कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. इथे हरण्याची बातमी देणाऱ्याला कुणी थांबवून विचारत नाही की का हरलात.

बदल एका दिवसात झाला नाही, हेही सांगायला हवं. नागपूरला संघटनेने निवासी अकादमी काढली, नागपूरचाच जुना वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य त्या कामात पडला, जामठ्याला २००८ मध्ये नवं मैदान झालं. (आमच्या पांढरकवड्याहून नागपूरला जाताना बुटीबोरी सोडली की थोड्या वेळाने लागतं. हैदराबादचा तोच हायवे. मी कितीदा एस.टी.च्या खिडकीतून ते बांधकाम पाहिलंय.) खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, पोलीस शिपाई व्हायला निघालेला उमेश यादव, नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. हे झाल्यावर नागपूर-यवतमाळ-अकोल्याच्या पोरांना पहिल्यांदा वाटलं असेल की गाव न सोडताही हे होऊ शकतं. नायडूंना इंदूर गाठावं लागलं, उमेशला नाही लागलं.

आणि मग २०१७ मध्ये आले चंद्रकांत पंडित. मुंबईचे यष्टिरक्षक, आचरेकर सरांच्या तालमीतले, खडूसपणाच्या शाळेतले. त्यांची गोष्ट जिंकण्या-हरण्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. एप्रिल १९९९ मध्ये ते मध्य प्रदेशचे कप्तान होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर कर्नाटकाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना. पहिल्या डावात मध्य प्रदेशला ७५ धावांची आघाडी. म्हणजे सामना नुसता अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचा! शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजने २४ धावांत ६ बळी घेतले, संघ १५० मध्ये गुंडाळला गेला आणि ९६ धावांनी हरला.

इथे जरा थांबून एक परदेशातली गोष्ट सांगतो. १९९५ मध्ये मेडवेक, मेडी आणि गिलोविच या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि खेळाडूंच्या चेहऱ्यावरून कोण किती आनंदी दिसतंय ते विचारलं. निष्कर्ष असा निघाला की कांस्यपदकवाला रौप्यपदकवाल्यापेक्षा जास्त आनंदी दिसतो. तिसऱ्याला वाटतं, बरं झालं, पदक तरी मिळालं. दुसऱ्याला मात्र फक्त हातातून निसटलेलं सोनं दिसत असतं. मी हे वाचलं तेव्हा हसलो. आमचा विदर्भ तर तिसऱ्याच्याही मागे होता, म्हणून तर इतका आनंदी होता!

पंडितांना ते निसटलेलं दिसत राहिलं असावं. त्यांनी प्रशिक्षक म्हणून मुंबईला तीनदा करंडक मिळवून दिला. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्याच होळकर मैदानावर मुंबई गुजरातकडून अंतिम सामना हरली आणि त्यांचं मुंबईचं काम गेलं. वर्ष पुरं व्हायच्या आत त्याच मैदानावर ते विदर्भाच्या पोरांना घेऊन उभे होते. आणि पुढची गोष्ट तर सिनेमात दाखवली तर खोटी वाटेल. जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामीवर ते मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते, समोर मुंबई, आणि मध्य प्रदेश ६ गडी राखून जिंकला. २३ वर्षांनी. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं सगळ्या देशाने पाहिलं.

अशा माणसाच्या हाती आमची 'चालते न' वाली पोरं लागली! शिस्त कडक, बोलणं त्याहून कडक. सोबतीला मुंबई सोडून आलेला वसीम जाफर, ज्याला रणजीचा अंतिम सामना हरणं म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. कप्तान मात्र आपलाच नागपूरचा फैज फजल.

त्या मोसमातला खरा सामना माझ्या मते अंतिम सामना नव्हेच. उपांत्य सामना. विदर्भ आयुष्यात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला होता. कोलकात्याचं ईडन गार्डन्स, डिसेंबर २०१७, समोर कर्नाटक. विदर्भ पहिल्या डावात १८५, कर्नाटक ३०१, करुण नायरच्या १५३. इथेच आमचा जुना विदर्भ असता तर मनातल्या मनात बॅगा भरल्या असत्या. उपांत्य फेरी गाठली, आणखी काय पाहिजे! पण दुसऱ्या डावात ३१३ केल्या आणि कर्नाटकला १९८ चं लक्ष्य दिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी कर्नाटक ७ बाद १११. ८७ धावा हव्यात, ३ गडी बाकी.

शेवटच्या सकाळी शेपटाने धावा काढायला सुरुवात केली. विनय कुमारने काढल्या, अभिमन्यू मिथुनने काढल्या, एका बाजूला श्रेयस गोपाळ उभा. मी घरी स्कोअर बघत होतो आणि खरं सांगतो, दहा-बारा धावा उरल्या तेव्हा मी फोन ठेवून दिला आणि अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. सकाळी एकदा घातलेलं असूनही. हरणार हे मला 'माहीत' होतं. साठ वर्षांची सवय. परत येऊन पाहतो तर विदर्भ ५ धावांनी जिंकलेला! रजनीश गुरबानी नावाच्या पोराने, जो शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले होते, सामन्यात १२.

मी तुळशीपाशी होतो आणि तो पोरगा चेंडू टाकत होता. एवढाच फरक. पण हा 'एवढाच' फार मोठा आहे.

पुढे अंतिम सामन्यात उमेश यादव दक्षिण आफ्रिकेला गेलेला, त्यामुळे आदित्य ठाकरे नावाच्या पोराला थेट अंतिम सामन्यात पदार्पण करायला मिळालं. (हो, हेच नाव. हा क्रिकेटवाला, गैरसमज नको.) गुरबानीने हॅट्रिक घेतली, रणजी अंतिम सामन्याच्या इतिहासातली दुसरी. अक्षय वाडकरने १३३ केल्या, विदर्भाने ५४७ उभारल्या. जाफरनेच चौकार मारून सामना संपवला. आणि मग आमच्या घरी तिळाची वडी आणि ते वाक्य.

आता ते सांगतोच.

१९८० च्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेचा कबड्डी संघ. मैदान म्हणजे शाळेमागची काळी जमीन, पाणी मारून मारून बसवलेली. मी शिकवायचो मराठी आणि इतिहास, पण शारीरिक शिक्षणाचा शिक्षक नव्हता तेव्हा कबड्डी माझ्याकडे आली. कबड्डी विदर्भाला परकी नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिचं प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. हे मी पोरांना दरवर्षी सांगायचो. आणखी एक सांगायचो, जे त्या काळी बऱ्याच शाळांच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं, की जिंकण्यापेक्षा भाग घेणं मोठं. कुबेर्तॅंच्या नावावर ते खपतं, पण १९०८ मध्ये लंडनला त्यांनीच सांगितलं होतं की हा विचार एका बिशपच्या प्रवचनातला आहे. मला हा विचार फार आवडायचा. आजही वाईट म्हणत नाही मी त्याला.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर एका मोठ्या शहरातली मोठी शाळा. त्यांच्या पायात बूट, आमची पोरं अनवाणी. मध्यंतराला आम्ही ५ गुणांनी पुढे! माझाच विश्वास बसेना. पाच मिनिटांच्या त्या मध्यंतरात मी पोरांना जवळ घेतलं, पाणी पाजलं आणि म्हणालो, "शाब्बास! खूप झालं. इथवर आलात हेच खूप. आता सांभाळून खेळा, कुणी पडू नका."

कबड्डी खेळलेल्यांना कळेल मी काय केलं ते. तेव्हा आजच्या प्रो कबड्डीसारखी (ही २०१४ मध्ये सुरू झाली) तिसरी चढाई रिकामी गेली तर बाद, असली 'करो या मरो'ची भानगड नव्हती. पुढे असलेल्या संघाने निदानरेषेला पाय लावून परत यायचं, वेळ काढायचा. पोरांनी तेच केलं, सर म्हणाले म्हणून. निदानरेषा, परत. निदानरेषा, परत. ज्याने पहिल्या डावात निम्मे गुण आणले होते तो हा माझा चढाईपटू मध्यरेषा ओलांडताना पंचांच्या घड्याळाकडे बघायला लागला. समोरच्यांना लगेच कळलं. माणूस मागे सरला की समोरच्याला वास येतो, हे कबड्डीतही आणि बाजारातही. त्यांचे पकडणारे पुढे सरकले, दोनदा आमची कोपऱ्यातली पोरं उचलली, शेवटच्या काही मिनिटांत आमच्यावर लोण चढवला. आम्ही एका गुणाने हरलो.

आणि मी काय केलं? सगळ्यांना स्टँडवर भजी खाऊ घातली. पोरं परतीच्या एस.टी.त गाणी म्हणत आली. मला वाटलं, किती खिलाडूवृत्ती! किती छान संस्कार! इतकी वर्षं मी या आठवणीवर खूश होतो, मंडळी. एका भाषणातसुद्धा सांगितली होती.

"गाणी म्हणत होतो सर," तो त्या दिवशी म्हणाला, "पण मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. तुमी समोर होते."

मी त्याला विचारलं, मग तेव्हा का नाही बोललास? तो म्हणाला, "तुमी इतके खूश दिसले, म्हनून."

यावर काय बोलणार. पोरांना हरण्याचं दुःख होऊ नये म्हणून मी धडपडत होतो असं मी समजत होतो. आता वाटतं, धडपड माझी मला वाचवायची होती. अपेक्षाच केली नाही की अपेक्षाभंग होत नाही. विदर्भाच्या क्रिकेटने साठ वर्षं तेच केलं आणि मी एका दुपारी.

दुसऱ्या वर्षी, ६ फेब्रुवारी २०१९ ला, तो मला जामठ्याला घेऊन गेला. सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामन्याचा चौथा दिवस. पहिल्या डावात विदर्भाची आघाडी किती होती सांगू? ३१२ विरुद्ध ३०७. पाच धावा! पुन्हा पाच. दुसऱ्या डावात विदर्भ २०० वर बाद, सौराष्ट्राला २०६ हव्यात आणि त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा. पहिल्या डावात त्याला आदित्य सरवटेने १ धावेवर बाद केलं होतं. दुसऱ्या डावात शून्यावर केलं. माझ्या शेजारी हा उभा राहून ओरडत होता, पण मी मैदानाकडे बघत होतो. पोरं धावत एकमेकांना भेटली, टाळ्या दिल्या आणि लगेच आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. संध्याकाळी ५ बाद ५८. दुसऱ्या दिवशी सरवटेचे सामन्यात ११ बळी झाले, विदर्भ ७८ धावांनी जिंकला. पुढच्या इराणी करंडकाचीही रक्कम जिंकली आणि ती पुलवामाच्या शहीदांच्या कुटुंबांना देऊन टाकली. जिंकायला शिकलं की माणूस कठोर होतो असं जे माझ्या मनात होतं, त्याला तिथे जरा धक्का बसला.

नंतर हरलेही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने १६९ धावांनी हरवलं. पहिल्या डावात १०५ वर बाद, समोर लक्ष्य ५३८ चं. पण चौथ्या डावात ३६८ पर्यंत लढले, कप्तान वाडकरने शतक केलं. पुढच्याच वर्षी त्याच मुंबईला उपांत्य सामन्यात नागपूरला ८० धावांनी हरवलं आणि २ मार्च २०२५ ला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक घेतला. त्यात ८६ आणि १३५ करणारा कोण? करुण नायर, ज्याने ईडनवर आमच्याविरुद्ध १५३ केल्या होत्या. आणि केरळकडून ७९ करून आम्हाला घाम फोडणारा? आपला आदित्य सरवटे! केरळचा कप्तान सचिन बेबी ९८ वर असताना उंच मारायला गेला आणि तिथून सामना फिरला. मला त्याचा राग नाही आला, पोटात कालवलं.

गेल्या हिवाळ्यात माझा हा चढाईपटू पुन्हा घरी आला. गावातल्या पोरांचा संघ तो तयार करतोय, कापूस वेचून झाल्यावर संध्याकाळी. म्हणाला, सर, रविवारी सामना आहे, या. मी गेलो. मध्यंतराला पोरं ४ गुणांनी पुढे होती. त्याने मला हाताला धरून रिंगणात नेलं आणि म्हणाला, "सर बोलतीन दोन शब्द."

सगळी तोंडं माझ्याकडे. धुळीने माखलेली, धापा टाकणारी. माझ्या तोंडात जुनं वाक्य आलं होतं, अगदी जिभेवर. मी ते गिळलं आणि विचारलं, "पुढची चढाई कोणाची आहे?"

एक बारकंसं पोरगं म्हणालं, माझी.

"किती आणणार?"

"दोन."

त्याने एकच आणला. सामना पोरं हरली, तीन गुणांनी. मी खिशात हात घालून भज्यांचे पैसे काढले, तर कुणी टपरीकडे बघेना. ते बारकं पोरगं आणि त्यांचा कोपरेवाला एकमेकांवर तावातावाने ओरडत होते, की शेवटच्या पकडीत घोटा कुणी सोडला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्यावरही तेच चालू होतं, पार जगदंबेच्या देवळापर्यंत. मी आणि माझा विद्यार्थी पुढे बसलो होतो. त्याने मागे वळून एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.